आबासाठी जागा बघताना

४ फेब्रुवारी २००३, मंगळवार

आज परत तेच. सकाळी अंजलीनं आबाची बादली अंगणात आदळली आन सरळ म्हणाली, "माझ्यानं आता व्हायचं न्हाई. कुठंतरी जागा बघा."

लकव्यानं आबाची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, त्याला दोन वर्षं होत आली. तेव्हापासून सून म्हणून सगळं तीच करते, हे मला काय दिसत न्हाई का? पण जागा बघा म्हणजे काय? बाप जिवंत असताना त्याला आश्रमात टाकायचं? उभी जिंदगी मेंढरांमागं फिरला हा माणूस. भावकी तोंडात शेण घालील. तसं बोललो तर म्हणते, "भावकीला बोलवा मग उचलायला." डॉक्टरनं तिला वजन उचलू नको म्हणून सांगितलंय म्हणे. कमरेची गादी सरकली. मला हे आज सांगून राहिली. मागंबी सांगितलं होतं म्हणते. मला न्हाई आठवत.

डबा न घेताच ड्युटीवर गेलो. दिवसभर पोटात आग, आन डोक्यातबी.

६ फेब्रुवारी

हैदरला सांगितलं. तो गाडी चालवतो, मी तिकिटं फाडतो, हिंगोली-नांदेड, कित्येक वर्षं झाली. बायकोला सांगत न्हाई ते त्याला सांगतो.

तो म्हणाला, "शिवहारभाऊ, बघायला काय जातं? बघ, आन मग न्हाई म्हण." नांदेडात एक वृद्धाश्रम आहे, आजारी म्हातारे ठेवतात. वारंगा फाट्यावर एक रिटायर नर्स घरातच म्हातारे सांभाळते. दोन्ही आपल्याच रस्त्यावर. म्हटलं बघू. नुसतं बघायला.

८ फेब्रुवारी

नांदेडला पोचल्यावर गाडी थांबते तेवढ्यात जाऊन आलो. दुपार होती. काय जागा! फरशी अशी की चप्पल काढावी वाटली. पांढऱ्या चादरी, पंखे, ओळीनं खाटा, आन सगळे म्हातारे गाढ झोपलेले. कुठं खोकल्याचाबी आवाज न्हाई. मॅनेजर बोलायला गोड. म्हणाला, "आमच्याकडे शिस्त आहे. कधीही या."

आबाला त्या पांढऱ्या चादरीवर मनात झोपवून पाहिलं. बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

९ फेब्रुवारी

फाट्यावर आमची गाडी सकाळी खिचडीसाठी थांबते. तेवढ्यात त्या नर्सचं घर गाठलं. जिवनबाई नाव. बापरे. दारातूनच वास. सगळीकडं पाणी. एक म्हातारा उघडा बसून मोठ्यानं आई-बहिणीवरून शिव्या देत होता, दुसरी म्हातारी रडत होती. जिवनबाईनं पदर खोचलेला, कोपरापर्यंत साबण. माझ्याकडं धड बघितलंबी न्हाई. "बघायला आलाव? मग बसा. न्हाईतर ही बादली धरा."

मी कशाला बादली धरू? तसाच माघारी फिरलो. तोवर हैदरनं माझी खिचडीबी खाऊन टाकली होती. "थंड होऊन राहिली होती," म्हणाला.

ठरलं. न्यायचंच झालं तर नांदेड.

११ फेब्रुवारी

अंजलीला नांदेडचं सगळं सांगितलं. फरशी, पंखे, चादरी. ती आबाच्या पाठीला पावडर लावत होती. म्हणाली, "एखाद्याची पाठ पाहिली का?"

"लोकायच्या पाठी कशाला पाहू?"

"पडून असलेल्या माणसाची पाठच बघत असतात. कूस न्हाई बदलली तर सोलून निघते. तुमी चादर बघून आलाव."

लई शहाणी. आबा टुकूटुकू आमच्या दोघांकडं बघत होता. ऐकू तर सगळं येतं त्याला. हेच मला सहन होत न्हाई.

१४ फेब्रुवारी

बाळापूरच्या माणसाला अर्धापूरचं तिकीट फाडलं. त्यानं चार माणसांत माझी अक्कल काढली. चित्त कुठंच लागत न्हाई.

१९ फेब्रुवारी

गाडी नांदेडात बंद पडली. स्प्रिंगचा पाटा तुटला. मिस्त्री म्हणाला, पाच वाजतील. बसून बसून काय करू, म्हणून आश्रमात गेलो. चारचा सुमार.

तशीच शांतता. पण कोपऱ्यातल्या खाटेवरचा म्हातारा त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडलेला होता, तो आजबी तसाच. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाला, "भाऊ, मला जरा फिरवता का?" फिरवला. सदरा पाठीला चिकटलेला. वर केला, तर अंजली म्हणाली होती तसंच. लिहवत न्हाई.

तेवढ्यात मॅनेजर आला. तोंड उतरलं त्याचं. "तुम्ही आत्ता कसे? मागे तर भर दुपारी आला होतात."

मी त्याला लई बोललो. जे तोंडाला आलं ते बोललो. तो नुसता म्हणत राहिला, "माणसं कमी आहेत, साहेब." त्या म्हाताऱ्याला तसाच सोडून मी गाडीकडं आलो. दुसरं काय करणार होतो?

येताना फाट्यावर हैदरला म्हटलं, थांब जरा. जिवनबाईचे सगळे म्हातारे अंगणात बसलेले. अंगं धुतलेली, डोक्याला तेल. त्या दिवशीचा तो शिव्या देणारा ताकात कालवलेली भाकर खात होता, आन मला म्हणाला, "या जेवाया." मी आता शहाणा झालेलो. दोघांच्या पाठी पाहिल्या. जिवनबाई हसली. "तुमी मागं सकाळी आलते व्हय? सकाळी आंघोळी असतात. सकाळी आलेलं कुणीच परत येत न्हाई."

मी एकीकडची दुपार पाहिली, दुसरीकडची सकाळ, आन निकाल देऊन मोकळा! गाडी थांबते त्या वेळेला जे दिसलं तेच खरं धरून चाललो. हैदर रस्ताभर हसत होता, मला हसू आलं न्हाई.

२३ फेब्रुवारी, रविवार

जिवनबाई घरी आली. माणूस आन घर पाहिल्याशिवाय ती कुणाला घेत न्हाई. आत आली ती सरळ आबाच्या खाटेकडं. त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, पाठ बघू का?" आबानं मान हलवली.

लई वेळ बघत होती. मग विचारलं, "दोन वर्षं झाली म्हणता? पाठीला एक फोड न्हाई. हे कोण करतं?"

अंजली चुलीपाशी होती. मीच पुढं होऊन बोललो, "आमी घरी सगळी काळजी घेतो." अंजलीनं वर पाहिलं.

मग दोघी आत बसल्या. जिवनबाई तिला विचारत होती, एकटी कशी फिरवते, खाली काय अंथरते. माझ्या कानावर एवढंच आलं, "अगं, एकटीनं न्हाई उचलत कधी. चादरीची दुसरी बाजू धरायला कुणी न्हाई का?" अंजली काय म्हणाली ते ऐकू आलं न्हाई. मग तिचा हसल्याचा आवाज आला. कित्येक दिवसांनी.

निघताना मी विचारलं, "घेता मग आबाला?"

"घेते," जिवनबाई म्हणाली. "पुढल्या शनिवारी आणा."

२६ फेब्रुवारी

आबाला आज मीच सांगितलं. डावा हात त्यानं माझ्या गालावर ठेवला. मेंढीच्या पिलाला चाचपावं तसा गाल चाचपला. मी बाहेर येऊन रडलो. चाळिशी उलटली तरी बापासमोर रडायची लाज वाटते.

अंजली कामाला लागलीय. कपडे धुतले, वाळवले, घड्या घातल्या. आबाचे एवढे कपडे आहेत हे मला माहीत नव्हतं.

१ मार्च, शनिवार

आबाला फाट्यावर सोडलं. हैदरनं आन मी उचलून आत नेला. मागून अंजली दोन पिशव्या घेऊन उतरली. एक आबाची, एक तिची.

जिवनबाईनं तिला कामाला ठेवलंय. पगारावर, राहणं-खाणं तिथंच. घरून निघताना मला का न्हाई सांगितलं, मी विचारलं. म्हणाली, "सांगितलं होतं. तुमाला न्हाई आठवत."

रविवारी सुट्टी आहे तिला. मी म्हटलं, उद्या घरी येशील ना?

म्हणाली, "आधी दिवसभर झोपंन. मग बघू."