मशीनला लावलेलं कुंकू

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याची सुट्टी संपली आणि लॅबचं नेटवर्क मेलं! बियाण्यांच्या उगवणीचे रिपोर्ट नवीन जालना भागातल्या ऑफिसात दिसेनात. रिपोर्टशिवाय रब्बीचा हरभरा गोदामातून हलत नाही. फायबरची तार ज्यात जोडतात त्या नेटवर्क कार्डाचा दिवा लॅबकडे हिरवा, ऑफिसकडे अंधार. म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या दोन काचेच्या तारांपैकी एकीच्या टोकाला कचरा — नेटवर्क सांभाळणारी मी, माझं निदान.

तेवढ्यात मॅनेजर रामराव साहेबांना कार्डाशेजारी कुंकू दिसलं. "कुणी लावलं हे?"

खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा झाली. हे कार्ड असलेल्या मशीनला कुंकू लावलं झाडलोट करणाऱ्या गिरिजाबाईंनी. मीच आग्रह केला होता! नवरा गेल्यापासून नऊ वर्षं त्या पूजेच्या ताटापासून लांब उभ्या राहतात. म्हटलं, रोज पुसता तुम्ही, मग पूजा दुसऱ्याने का? लाजल्या, पण लावलं.

साहेब म्हणाले, "तेच आत गेलं. बाईला तसं सांगा, अन् म्हणावं उद्यापासून येऊ नको." आणि मी काय म्हणाले? "असू शकतं, सर." शाबास, वंदना!

४ ऑक्टोबर

टोकं पुसली. पुन्हा पुसली. तार बदलली. ढिम्म.

मी इथे नवी होते तेव्हा महिनाभर कुणी जेवायला हाक मारली नाही. गिरिजाबाईंनी आपल्यातली अर्धी भाकरी दिली, रोज. आणि काल मला त्यांच्यासाठी एक वाक्य बोलता आलं नाही.

५ ऑक्टोबर

राधेश्यामभाऊंना फोन केला. हे काम मला त्यांनीच शिकवलं, आता पुण्यात असतात. सगळं ऐकून घेतलं. मग — "दोन दिवस नुसती पुसून राह्यलीस. दोन्ही टोकाचं सेटिंग बराबर हाय का, ते बघितलं का?"

नाही बघितलं.

६ ऑक्टोबर

सापडलं! ऑफिसचं कार्ड 'ऑटो'वर, समोरच्याशी बोलून वेग ठरवणारं. लॅबच्या कार्डावर मात्र वेग आणि डुप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडून बोलायचं की आळीपाळीनं, हाताने पक्के केलेले. एक बोलण्यासाठी थांबलंय, दुसरं बोलायलाच तयार नाही. मग दिवा एकाच बाजूला लागणार! पक्के कुणी केले? मी. खंडेनवमीलाच नवं कार्ड बसवून निघताना, जुन्या तांब्याच्या तारांच्या सवयीनं. सुट्टीनंतर मशीन पुन्हा चालू झालं तेव्हा ते सेटिंग लागू झालं.

दोन्हीकडे 'ऑटो' केलं. दोन्ही दिवे हिरवे. कुंकू बाहेरच्या पत्र्यावर होतं, आत कणभरही गेलं नव्हतं.

चूक आपली निघाली म्हणून देवाला हात जोडणारी मीच पहिली असेन! राधेश्यामभाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? साहेबांना सगळं सांगितलं. खूप बोलले, बोलायलाच हवं होतं. मग म्हणाले, "बाईला बोलवा परत. अन् सांगायला तुम्हीच जा." याबद्दल त्यांचेही आभार, मनापासून.

७ ऑक्टोबर

सकाळी गिरिजाबाईंच्या घरी गेले. म्हटलं, कामावर परत चला. ते त्यांनी ऐकलंच नाही बहुतेक.

"म्हंजी माझ्या हातानं न्हाई बिघडलं?"

"नाही. माझ्या हातानं बिघडलं."

खाली बसल्या. "पूजा करून आले, त्या दिशी पोरीला म्हणले व्हते, तुझ्या लग्नात पयली हळद मीच लावीन. शनवारी तिला सांगितलं, न्हाई लावत."

मग आत हाक मारली, "मीना, भाईर ये जल्दी." आणि मला म्हणाल्या, "आता तिच्याम्होरं सांगा."