कोपराखाली चार बोटं

पप्पा, आपला ओटा फोडायचा ठरलाय. तुम्ही बांधलेला. हे आधी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं.

मी सात वर्षांची होते. धायरीत दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधायचात आणि रविवारी आपलं काम. आईला भिंतीला टेकवून उभं केलंत, "हात वाकव" म्हणालात, कोपराखाली चार बोटं मोजून पेन्सिलने रेघ मारलीत. आई म्हणाली, "अहो, एवढा बुटका ओटा? लोक हसतील." तुम्ही म्हणालात, "लोक येणारेत का पोळ्या लाटायला?" मग माझ्याकडे बघून, "ही मोठी झाली की हिच्या मापाचा बांधू." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. रेघ अजून आहे, मांडणीच्या मागे.

मी मोठी झाले, पप्पा. तुमच्यासारखीच उंच. नववीनंतर शाळा सोडली. आई कोथरूडला स्वयंपाकाची कामं करते, मी घरी पोळ्यांच्या ऑर्डरी. रोज दीडशे पोळ्या, त्याच ओट्यावर वाकून. दुपारी जमिनीवर पाठ टेकली की उठवत नाही. पण आईसमोर तुमच्या ओट्याला नावं कशी ठेवू? मला एरवीही धड बोलता येत नाही, तुम्हाला माहितीये.

यंदा आईला भिशी लागली, ऐंशी हजार. कॅलेंडरच्या पाठीमागे मी यादी केली: मोरीचा पाइप, गळणारा स्लॅब, फरशी, खिडकी, ओटा. मिस्त्रीचा आकडा आला एक लाख पाच हजार. आईने पेन घेतलं आणि सगळ्यात आधी ओटा खोडला. "दणकट आहे तो. त्याला हात लावायचा नाही." दोन दिवसांनी म्हटलं, "मिस्त्री म्हणाला, ओट्याखाली ओल आहे, काढावाच लागेल." मिस्त्री असलं काही बोललाच नव्हता. आई माझ्याकडे बघत बसली. मग फरशी आणि खिडकी खोडून तिने ओटा परत लिहिला.

काल मिस्त्री टेप घेऊन आला. "स्टँडर्ड बत्तीस इंच घालू ना, ताई?"

"हे स्टँडर्ड कोण? ते येणारे का लाटायला?" आई म्हणाली. "माणसाचं माप घ्या."

"कुणाचं?"

मी खाली बघत होते. आईने माझा हात धरून कोपरात वाकवला, खाली चार बोटं लावली आणि भिंतीवर रेघ मारली. जुनीच्या अर्धी वीत वर. "हिचं घ्या. मला पाट आहे उभं राहायला."

मिस्त्री निघताना तिने विचारलं, "ओट्याखाली ओल आहे का हो?"

"कसली ओल? खडखडीत आहे."

"बरं," म्हणाली आणि चहा टाकला. माझ्याकडे बघितलंही नाही.

उद्या सकाळी ओटा फोडतील. मला तिला दोनच शब्द सांगायचे होते, पाठ दुखते. तेवढ्यासाठी मी ओट्याखाली ओल आणली. ते दोन शब्द अजून सांगितले नाहीत, पप्पा, तुम्हालाच लिहितेय.