एक तिरपी रेघ राहिली

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर जिथवर परवानगी देते तिथवर, उरलेला तू मनानेच पूर्ण करून घे). तुझी तिन्ही पत्रं पोचली. मी त्यांना दोन-दोन ओळींची उत्तरं पाठवली, त्याची भरपाई आज होणार आहे, तेव्हा चष्मा पूस आणि जुळ्यांना कुणाच्या तरी हवाली करून बस. उजवा गुडघा कसा आहे? कानातलं यंत्र वापरतेस की अजून रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं आहेस? ते लावलं असतंस तर मी सरळ फोन केला असता. एकतीस वर्षं रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसून मी सगळ्या जगाला एकमेकांशी जोडून दिलं, आणि माझ्याच सख्ख्या बहिणीला फोनवर ऐकू येऊ नये, याला काय म्हणायचं ते तूच ठरव. भाचीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे. रक्तदाब थोडा वर असतो, पण तोही बिचारा एकटाच असतो, म्हणून मी त्याला काही बोलत नाही.

आता मुद्द्याचं. (मुद्दा खरं तर बराच पुढे आहे. तू मला टकळी म्हणतेस ते उगाच नाही.) मी विद्यापीठात नाव घातलं आहे. हसून झालं की पुढे वाच. वेबसाइट कशी तयार करतात याचा अगदी पहिला, श्रीगणेशाचा अभ्यासक्रम आहे, घरबसल्या, इंटरनेटवरून. जाहिरातीत म्हटलं होतं की तुमच्या धावपळीच्या दिनक्रमातून सवड मिळेल तसं शिका. माझा धावपळीचा दिनक्रम असा: सकाळी साडेसहाला उठणे, चहा पिणे, आणि मग बाकीचा दिवस. नाव घालताना एक प्रश्न होता, हा अभ्यासक्रम का निवडलात. उत्तरं तीनच होती: नवी नोकरी, बढती, स्वतःचा व्यवसाय. 'घरात आवाज नाही' हे उत्तर त्यांनी ठेवलेलंच नव्हतं, म्हणून मी बढतीवर खूण केली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर बढती मागणारी मी त्यांची पहिलीच विद्यार्थिनी असेन.

पहिल्या आठवड्यात मला विद्यापीठाची एक बाई फार आवडली. मी चार दिवस अभ्यासाला बसले नाही, तर तिचं लगेच पत्र आलं, 'तुम्ही दिसला नाहीत, सगळं ठीक आहे ना?' अक्का, मला कुणी हे विचारलं त्याला किती दिवस झाले होते ते मी मोजत बसले नाही, पण मी तिला दीड पानी उत्तर लिहिलं. सर्दीचं लिहिलं, मोरीच्या गळक्या नळाचं लिहिलं, तिच्या घरी कोण कोण असतं तेही विचारलं. पुढच्या खेपेला मी पुन्हा चार दिवस बसले नाही (या वेळी मुद्दाम), तर तेच पत्र, तोच स्वल्पविराम. ती बाई नव्हतीच. यंत्र आपोआप पाठवत होतं. ज्या बाईची खुर्ची रुग्णालयाने आवाजाच्या रेकॉर्डिंगला देऊन टाकली, त्याच बाईने रेकॉर्डिंगला घरची विचारपूस करावी, यावर मी एकटीच पुष्कळ हसले. एकटीने हसण्यात एक अडचण असते, थांबायचं कधी ते कळत नाही.

तर खरी गोष्ट दुसऱ्या पाठापासून सुरू होते. वेबपान लिहायचं म्हणजे मजकुरात खुणा घालत जायच्या. इथून शीर्षक सुरू झालं, अशी टोकदार कंसात एक खूण करायची, आणि शीर्षक संपलं की तीच खूण आत एक तिरपी रेघ घालून पुन्हा करायची. म्हणजे संगणकाला कळतं की आता पुरे. (बोलण्यातही अशी सोय असती तर तुझी निम्मी डोकेदुखी वाचली असती.) गृहपाठ होता, 'स्वतःविषयी एक पान'. संगणकावरची अक्षरं मला मुंगीएवढी दिसतात, म्हणून मी तो वायरने आपल्या टीव्हीला जोडला होता. टीव्ही तुझ्या सोयीने ठेवलेला, म्हणजे तुझ्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे तोंड करून. मी 'माझ्याविषयी' असं शीर्षक घातलं आणि खाली लिहिलं, 'माझी बहीण गेली त्याला आठ महिने झाले. आता या घरात मी एकटीच असते.' आणि शीर्षकाच्या शेवटची तिरपी रेघ घालायला विसरले. त्यामुळे संगणकाला वाटलं की सगळंच शीर्षक आहे, आणि पडदाभर हातहातभर अक्षरांत 'माझी बहीण गेली' झळकू लागलं. चूक काय झाली ते शोधायला मी पुस्तक घेऊन आत गेले.

गल्लीपलीकडचा घड्याळजी तुला आठवत असेल. समोरच्या खिडकीत डोळ्याला भिंग लावून बसतो तो. आपण इथे राहायला आल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्याने माझ्याशी एकच वाक्य बोललेलं आहे, ते म्हणजे 'पट्टा नवा टाकावा लागेल'. त्या दिवशी सकाळी अकराला त्याने भिंग काढून वर पाहिलं, आपल्या उघड्या खिडकीतून टीव्हीवरची अक्षरं वाचली, आणि दहा मिनिटांत दुकानाचं दार ओढून तो आपल्या उंबऱ्यावर उभा.

"बाई, मला कळलंच नाही," तो म्हणाला. "आठ महिने मी रोज समोर बसतोय."

मी सांगणारच होते की अहो, ती मुलीकडे गेली आहे, जुळी झाली आहेत. जिभेवर आलं होतं. पण तोवर तो तुझ्या खुर्चीत बसलाही होता. त्या खुर्चीत आठ महिन्यांत कुणी बसलं नव्हतं. आणि तो सांगू लागला, की त्याची बायको गेली तेव्हा त्याने चार दिवस दुकान उघडलं नाही, पाचव्या दिवशी उघडलं, आणि चार दिवस बंद का होतं, असं एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. असं कुणी सांगत असताना त्याला मध्येच तोडून, माझं माणूस जिवंत आहे हो, असं कसं म्हणायचं? मी फक्त 'हो' म्हटलं. एक तिरपी रेघ राहिली आणि तू वारलीस. उरलेलं काम माझ्या 'हो'ने केलं.

पुढचं सगळं माझ्या हाताबाहेर गेलं, असं मी लिहिणार होते, पण तुला खोटं लिहून उपयोग नाही. ते माझ्या हातातच होतं. घड्याळजीने लॉन्ड्रीवालीला सांगितलं, तिने औषधवाल्याला, आणि दुपारी चारच्या सुमाराला आपल्याकडे माणसं येऊ लागली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात (म्हैस म्हटल्याचा राग मानू नकोस, म्हणच तशी आहे), ते मी प्रत्यक्ष पाहिलं. इस्त्रीने जळलेल्या कॉलरवरून तू जिच्याशी वर्षभर अबोला धरलास ती लॉन्ड्रीवाली डोळे पुसत म्हणाली की कपड्याची पारख असलेलं शेवटचं माणूस गेलं. मुदत संपत आलेल्या गोळ्या गळ्यात मारतो, असं तू ज्याला भर दुकानात सुनावलं होतंस, त्या औषधवाल्याने सांगितलं की तुझ्या धाकाने त्याला तारखा बघायची सवय लागली. कोपऱ्यावरची शिकवणीची बाई तर तुला शांत स्वभावाची म्हणाली, तेव्हा मला आत जाऊन पदर तोंडात धरावा लागला. मी चांगले कप काढले. बिस्किटं आणून ठेवली. तीन आठवडे रोज चारला दाराची घंटा वाजायची आणि मी साडेतीनपासून केस नीट करून बसायचे. अक्का, मला लाज वाटत होती, नाही असं नाही. पण ती लाज रोज सहानंतर वाटायची, माणसं निघून गेल्यावर.

मग परवा घड्याळजी सकाळीच आला. हातात कागदात गुंडाळलेली पितळेची पट्टी. वाचनालयातल्या तुझ्या नेहमीच्या खुर्चीवर ती लावायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि अक्षरं त्याने स्वतः कोरली होती. 'अक्कांच्या स्मरणार्थ. त्या रोज इथे बसत.' अक्षरं इतकी बारीक आणि सरळ होती की मला आणखी एकदा 'हो' म्हणता येईना. मी त्याला बसा म्हटलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. जुळी, भाची, शीर्षक, तिरपी रेघ. सांगताना माझा आवाज बोर्डावर असायचा तसा झाला होता, सपाट.

त्याने पट्टी मांडीवर ठेवली. मग त्याने विचारलं, "मग त्या येत का नाहीत?"

मी म्हटलं, "ती निघाली तेव्हा मी दारात म्हणाले होते, जा, मला कुणाची गरज नाही."

"आणि नंतर?"

"नंतर तिची पत्रं आली. मी ठीक आहे, एवढं कळवलं."

त्याने पट्टी पुन्हा कागदात गुंडाळली. चिडला नव्हता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. दारापाशी जाऊन तो म्हणाला, "बाई, माझ्याकडे पत्ता नाही म्हणून मी लिहीत नाही. तुमच्याकडे पत्ता आहे." आणि गल्ली ओलांडून दुकानात जाऊन बसला. काल दिवसभर त्याने मान वर केली नाही. आज सकाळी मी खिडकी उघडली तेव्हा त्याने भिंग काढून विचारलं, "लिहिलं का?" मी म्हटलं, बसतेच आहे. म्हणून हे पत्र.

ते दारातलं वाक्य मी मागे घेते. तेव्हाच घ्यायला हवं होतं, पण तुझी टॅक्सी वळली होती आणि मी हाक मारली असती तरी तुला ऐकू गेली नसती. (मारली होती.)

गृहपाठाला पन्नासपैकी एक्केचाळीस गुण मिळाले. शेरा आहे, 'मजकूर मनापासून लिहिला आहे. खुणा बंद करायला विसरू नका.' हा शेरा मात्र माणसाने लिहिलेला आहे, मी खात्री करून घेतली.

जुळ्यांना पापे. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
टकळी

ता. क. – तू हयात आहेस हे औषधवाल्याला आणि शिकवणीच्या बाईला मी सांगितलं. शिकवणीची बाई रागावली, औषधवाला जरा घाबरला. लॉन्ड्रीवालीला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही, ते तूच समक्ष जाऊन केलेलं बरं. फक्त एकदम दारात उभी राहू नकोस, तिच्या हातात इस्त्री असते.

आणखी एक – पुढच्या महिन्यात माझी शेवटची परीक्षा आहे. मी तयार केलेली वेबसाइट एका नवख्या माणसाने वापरायची, मी शेजारी बसून नुसतं पाहायचं, आणि अजिबात बोलायचं नाही, असा नियम आहे. संगणकातलं काहीही न कळणारं आणि मला गप्प बसवू शकणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. दोन दिवस पुरतील. चार राहिलीस तरी चालेल. जुळ्यांना घेऊन आलीस तर भाचीलाही विसावा मिळेल.

शेवटचं – माणूस परगावी असेल तर ही परीक्षा व्हिडिओ कॉलवरूनही देता येते, असं नियमावलीच्या नवव्या पानावर छापलेलं आहे. मी आठव्या पानापर्यंतच वाचलं आहे.