सायकलवरून येतो

निर्मळ,
१४ ऑगस्ट २००५

प्रिय सुमेध,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे असतील. इथे आई बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. केळीला यंदा चांगले घड आलेत. तू विरारला राहायला गेल्यापासून आलाच नाहीस. आईला वाटतं, परीक्षा असेल.

डेरिकबद्दल लिहायचं होतं. तुमच्या त्या बसच्या गेममध्ये माझ्या या भावाने आपल्या इथले रस्ते घातले आणि तू एसटी, तेव्हा किती खूश होतात दोघे! आता तुम्ही घातलेली ही भर, म्हणजे तुमचे ते दोन्ही मॉड, एकत्र टाकले की गेम बंद पडतो आणि लोकांचा जपून ठेवलेला खेळ जातो म्हणे. नेटवर सगळे डेरिकला शिव्या घालू लागले. घाबरून त्याने लिहून टाकलं की चूक सुमेधची. तसं त्याने लिहायला नको होतं. नंतर त्यानेच तपासलं. तुम्ही दोघांनी गेमची एकच फाईल बदलली आहे, त्यामुळे नंतर टाकलेला मॉड आधीच्याला बिघडवतो. यात चूक एकट्याची कशी? एकमेकांना विचारलं नाहीत, एवढंच. पण तोवर सगळे तुझ्यावर तुटून पडले होते, ऐकून घ्यायला कुणी थांबलं नव्हतं.

हल्ली दुपारी घरी फोन येतो. आईला कमी ऐकू येतं, तुला माहीतच आहे. म्हणाली, "कोणीतरी डेरिकच्या मॉडचं विचारत होता. मी सांगितलं, संध्याकाळी सायकलवरून येतो."

मंगळवारी मी शाळेतून लवकर आले होते. फोन मी उचलला. मी काही बोलायच्या आतच पलीकडून आलं, "डेरिकला सांगा, हात मोडीन."

मॉड नव्हे रे. मोडीन.

तेव्हापासून मी रोज काहीतरी निमित्त काढून त्याला आणायला नाक्यावर जाते. मागून स्कूटर आली की त्याचा दंड धरते. तो हसतो. त्याला मी काही सांगितलेलं नाही.

काल पुन्हा फोन आला. आवाज जाड केलेला होता, पण माझा आवाज ऐकून पलीकडचा माणूस अडखळला. तोंडातून "ताई" निघता निघता राहिलं. मी विचारलं, "सुमेध, तूच ना?" पलीकडून फोन ठेवला गेला.

आज फोन आला नाही. त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

मी चुकले असेन तर तसं सांग, हात जोडून माफी मागेन. नसेन, तर घरी ये. चूक दोघांची होती हे डेरिक सगळ्यांसमोर लिहील, मी त्याला लिहायला लावीन. पण जे बोलायचं ते माझ्यादेखत बोल. रस्त्यात त्याला गाठू नकोस.

आमच्या घराला दिवसा कधी कडी नसते. आता लावते. तू आलास तर हाक मार, म्हणजे उघडेन.

'तुझीच' लिहिताना हात थांबतो आहे,
शर्लिनताई