आप्पांच्या हातातला तुमचा आवाज

प्रिय अहो,

तुमच्या त्या हातातल्या कॉम्प्युटरचं काम आज एकदाचं संपलं. हे कोणाला सांगू? आईंना सांगितलं तर म्हणतील, बरं झालं, आता भाकऱ्या टाक. कामावर, डीटीपी सेंटरमध्ये, सांगितलं तर विचारतील, लिनक्स म्हणजे काय? ऐकल्यावर खुर्चीतून उठून ‘खरंच? बूट झालं? सुरू झालं?’ असं ओरडणारा माणूस एकच होता. म्हणून तुम्हालाच लिहितेय. नाहीतर मला आज फक्त झोपायचं होतं.

फार दमलेय हो.

आठवतं, ते तुम्ही पहिल्यांदा घरी आणलंत तेव्हा? तुमच्या गंगापूर रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या कुणा गिऱ्हाइकाने नवं घेतलं आणि जुनं तुम्हाला देऊन टाकलं. तळहाताएवढं यंत्र, वर काच, काचेवर टोचायला एक काडी. चांगलं चालत होतं. पण चालणारी वस्तू तशीच चालू देणं तुम्हाला कधी जमलं? आल्या आल्या म्हणालात, यातली सिस्टीम काढून लिनक्स घालतो. का, तर म्हणे, ‘हिच्या आत काय आहे ते बघता येत नाही. लिनक्स कोणीही उघडावं, बघावं, बदलावं.’ मी म्हटलं, मिक्सरचं झाकणही बदलायचंय, ते आधी बघा.

आणि ते घालण्याचा सोहळा! भारनियमनाचं वेळापत्रक बघून तुम्ही मुहूर्त काढलात. सिस्टीम लिहिली जात असताना वीज गेली किंवा वायर सुटली तर यंत्र कायमचं मेलं, असं तुम्हीच सांगितलंत. वायर तर इतकी सैल की धरून ठेवल्याशिवाय चिकटेना. मग धरायला कोण? मी. एका हातात वायर, एका हातात यंत्र, गॅसवर दूध, आणि तुमचा धोशा, ‘हलू नकोस, अजिबात हलू नकोस!’ दूध उतू गेलं. काचेवर लिनक्सचा पेंग्विन उमटला आणि तुम्ही चक्क नाचलात. आई बघायला आल्या. म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी दूध घालवलं? बदक हाय ते.’ तेव्हापासून घरात त्या यंत्राचं नाव बदकच पडलं.

तोवर तो तुमचा खेळ होता. मग आप्पांच्या घशाचं दुखणं निघालं आणि डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. आप्पांचं! ज्यांची हाक आपल्या मळ्याच्या टोकापासून पार पाथर्डी फाट्यापर्यंत जायची, ज्यांचं ओरडणं ऐकून बायका बाजारात पालक घ्यायला थांबायच्या, त्यांचं!

तुम्ही लगेच बदक पुढे केलंत. ऑपरेशनच्या आधी आप्पांनी रोजची वाक्यं बोलून ठेवायची. नंतर काचेवरचं बटण दाबलं की त्यांचाच आवाज बाहेर येणार. किती साधी गोष्ट होती! पण आप्पा ऐकतील तर ना. ‘आवाज जायच्या आधीच त्याची पेटी बांधू काय? असलं अभद्र नको करू. मला अजून लय बोलायचं हाय.’ आई त्यांच्याच बाजूच्या. त्यांनी वणीच्या देवीला नवस बोलला होता, आणि नवस बोलल्यावर आपणच अशी तयारी करायची म्हणजे देवीवर भरवसा नाही असं झालं. तुम्ही समजावलंत, चिडलात, शेवटी बापापुढे हात जोडलेत. आप्पा ऑपरेशनला आत गेले तेव्हा त्यांचं एकही वाक्य आपल्याकडे नव्हतं. बाहेर आले ते मुके.

याचा राग मला अजून येतो. कोणाचा ते सांगता येत नाही, पण येतो.

मग तुम्हीच बोललात. आप्पांच्या हेलात, आप्पा होऊन. ‘चहात साखर नाय टाकली का?’ ‘पंप बंद करा रे.’ ‘पालक आजचाच हाय, बोटं लावून बघू नका.’ घरात नुसता हशा. लिनक्सला तेव्हा मराठी अक्षरं धड दाखवता येईनात, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. मग मी इंदिरानगरच्या आमच्या सेंटरमध्ये एकेक वाक्य टाइप करून त्याचं चित्र करून दिलं आणि तुम्ही ती चित्रं बटणांवर चिकटवलीत. आप्पांना वाचता येत होतं, तेवढं पुरलं. त्या बदकात थोडी मीही होते, हे तुम्ही कोणाला कधी सांगितलं नाहीत. असो.

बाजारात आप्पांनी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा शेजारचा कोथिंबीरवाला ओरडला, ‘आप्पा, घसा कापून आले नि तरुण झाले की!’ आप्पा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. तुम्ही पटकन वळून गोणी उचलायला लागलात. रडत होतात ना? मी बघितलं होतं.

आणि मग तुम्ही गेलात. सकाळी दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ आली म्हणे. डब्यात मी भेंडी दिली होती. असं कोणी जातं का हो? बाप आजारातून उठलाय, एखाद्या किरकोळ कामाला निघाल्यासारखं सहज निघून जायचं?

भेटायला माणसं येऊ लागली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दुःखाच्या घरी आलेल्याला ‘या’ म्हणत नाहीत आणि जाणारा ‘येतो’ म्हणत नाही. गप येऊन बसायचं, गप उठून जायचं. आप्पा पडवीत बसले होते, बदक नेहमीसारखं दोरीने गळ्यात अडकवलेलं. आईंचे भाऊ दारात आले आणि आप्पांचा अंगठा सवयीने बटणावर गेला.

‘या या, बसा निवांत.’

तुमचा आवाज. अख्ख्या घराने ऐकला.

आई आतल्या खोलीत बायकांमध्ये बसल्या होत्या. त्या ‘मधू!’ म्हणत उठून दारापर्यंत धावत आल्या. तुम्ही आलात म्हणून! उंबऱ्यात येऊन त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि मग जो हंबरडा फोडला तो माझ्या कानातून अजून जात नाही. आप्पा दोन्ही हातांनी बदक छातीशी दाबून धरत होते. ते केव्हाच गप्प झालं होतं, तरी दाबत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मलाही क्षणभर वाटलंच होतं हो.

त्याच दिवशी आईंनी बदक जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात टाकलं. ‘गेलेल्याचा आवाज घरात फिरवायचा नाय,’ म्हणाल्या.

आप्पांनी त्यानंतर बाजार सोडला. भाजी काढायची आणि कोथिंबीरवाल्याच्या टेम्पोत टाकून द्यायची, बस. मी पाटी आणून दिली, तिच्यावर त्यांनी रेघसुद्धा ओढली नाही. आधी टाळी वाजवून बोलवायचे, तेही हळूहळू बंद झालं. तहान लागली तर उठून घेतील, नाहीतर तसेच बसतील. ताटात भाजी वाढायची राहिली तर कोरडी भाकरी खाऊन उठतील, पण मागणार नाहीत. मला भीती वाटायला लागली. एक माणूस एकदम गेलं, आणि दुसरं आमच्या डोळ्यांसमोर थोडं थोडं जात होतं. मी दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करायचे, घरी येऊन स्वयंपाक करायचे आणि आप्पांच्या तोंडाकडे बघायचे.

शेवटी आईंना म्हटलं, बदक काढते. आवाज दुसरा घालते, पण त्यांना बोलू द्या.

आई उठून कपाटापाशी गेल्या. मग म्हणाल्या, ‘मधूचा नको. तेवढं पाळ.’

बॅटरी पार उतरली होती. चार्ज केल्यावर पेंग्विन आला आणि तिथेच थांबला. म्हणजे सिस्टीम पुन्हा घालणं आलं. अहो, मला हे शिकायचं नव्हतं! काळ्या पडद्यावर त्या आज्ञा टाइप करायच्या, एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही असतात तर रविवार अख्खा घालवला असतात आणि वर ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणाला असतात. मी मात्र आधी त्यातल्या मेमरी कार्डावरचे तुमचे सगळे आवाज घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि त्यांची सीडीही केली. तुम्ही ते ‘उद्या करतो’वर ठेवलं असतंत, मला माहीत आहे.

तरी अडलंच. मग तुम्ही जिथे प्रश्न विचारायचात त्या लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर तुमच्याच नावाने प्रश्न टाकला. परदेशातल्या कोणाचं तरी लगेच उत्तर आलं आणि खाली लिहिलेलं, ‘बऱ्याच दिवसांनी दिसलास, होतास कुठे?’ याला काय उत्तर देऊ, सांगा बरं? मग लिहिलं की मी त्यांची बायको, ते आता नाहीत, आणि मला हे येत नाही. पुढचे सगळे टप्पे त्या माणसाने इतक्या सोप्या भाषेत लिहून पाठवले की कुठे अडखळले नाही. ओळख ना पाळख. लिनक्स म्हणजे माणसं, असं तुम्ही म्हणायचात. मला ती तुमची बढाई वाटायची.

वायर अजून सैलच. आता धरायला कोण? आई. वीज असण्याची वेळ बघून त्यांना टेबलापाशी बसवलं, वायर हातात दिली आणि ‘हलू नका, अजिबात हलू नका!’ म्हणून त्यांच्यावर ओरडले. सासूवर! त्या हूं की चूं न करता धरून बसल्या. मध्येच कुजबुजल्या, ‘बदक आलं का गं?’ आलं. आणि या वेळी पुढेही सरकलं.

मग दार लावून माझ्या आवाजात वाक्यं भरायला बसले. आप्पांचा हेल मला जमत नाही. ‘पालक आजचाच हाय’ म्हणताना मी स्नेहसंमेलनात उभी राहिल्यासारखी वाटते. पण भरत गेले. एकच बटण अडलं. ‘सुमन, जरा इकडं ये.’

हे मी कसं म्हणू? स्वतःच स्वतःला हाक मारू? प्रयत्न केला. आधी हसू आलं, मग रडू आलं. आणि मग लक्षात आलं की तुमच्या आवाजात माझं नाव फक्त इथेच आहे. इतक्या वर्षांत मी ‘अगं’ होते, ‘ऐकलंस का’ होते. आईआप्पांसमोर बायकोचं नाव कसं घ्यायचं म्हणून सुरुवातीला राहिलं, आणि पुढे एकटे असतानाही तुमच्या तोंडी ते बसलं नाही. माझं नाव घेतलंत तेही आप्पा होऊन! धन्य आहे तुमची.

ते एक बटण मी तुमच्याच आवाजात ठेवलं. आईंना सांगितलं नाही.

आज सकाळी बदक आप्पांच्या गळ्यात अडकवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं आणि भीतभीत अंगठा टेकवला. ‘चहात साखर नाय टाकली का?’ माझा आवाज! आप्पांचे खांदे हलले. आईंनी पदर तोंडाला लावला, त्याही हसत होत्या. मग आप्पांनी ते गळ्यात तसंच ठेवलं, पण पुन्हा हात लावला नाही. मला वाटलं, झालं, सगळी मेहनत पाण्यात गेली.

दुपारी मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. आई शेजारी मेथी निवडत होत्या. घरातून हाक आली.

‘सुमन, जरा इकडं ये.’

माझ्या हातातली कढई हातातच राहिली. आईंकडे बघायची हिंमत होईना. आता त्या ओरडतील, बदक पुन्हा कपाटात जाईल आणि आप्पा कायमचे गप्प होतील. एवढासा शब्द पाळणं मला का जमलं नाही? आईंचे हात थांबले होते. पुन्हा हाक आली, तीच, तशीच. यंत्रच ते, त्याला कंटाळा नाही.

‘बसलीस काय अशी?’ आई म्हणाल्या. ‘जा ना. मधू कवाचा बोलवतोय.’

आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही.

मी ओल्या हातांनीच आत गेले. आप्पांनी रिकामा तांब्या उचलून दाखवला. त्यांना पाणी हवं होतं. अहो, त्यांनी मागितलं! किती महिन्यांनी त्यांनी कोणाकडे तरी काहीतरी मागितलं.

आता ऐका. हे यंत्र जुनं झालंय, कधीतरी बंद पडेलच. तेव्हा मी दुसरं शोधेन, त्यातही तुमचं लिनक्स घालेन. कुरकुर करेन, तुम्हाला नावं ठेवेन, पण घालेन. बाकीची वाक्यं कोणाच्याही आवाजात असोत, ती एक हाक तुमचीच राहील. आणि ती ऐकू आली की कितीही दमलेली असले तरी मी उठून जाईन. दर वेळी जाईन, हे वचन.

तुमची,
सुमन