धाकटीची गुणसूत्रं

३ मार्च, सोमवार
धाकटीच्या गर्भजलाचा नमुना आज बाळाची गुणसूत्रं तपासायला आमच्या लॅबमध्ये आला. मागचं मूल गेल्यापासून माझी ही बहीण फार घाबरलेली आहे. तिला सांगितलं, कुणाला हात लावू देणार नाही, मी स्वतः तपासतो. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, घरच्यांचं काम दुसऱ्याकडे द्यावं. मॅडमना भावाचं काळीज काय कळणार. पेशी दोन बाटल्यांत वाढायला ठेवल्या.
यापुढे कामात मोबाइल बंद.

१३ मार्च, गुरुवार
पेशी झकास वाढल्यात. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात, मग धागे त्यांना दोन्हीकडे ओढून नेतात. आम्ही औषध घालून धागेच मोडतो. मंडळी रांगेतच अडकतात, मोजता येतात. औषध थोडाच वेळ ठेवायचं, नाहीतर गुणसूत्रं आखडून गोळे होतात.
मेहुण्यांचा फोन आला. त्यांना हेच समजावत होतो. अगदी सविस्तर.
गोळे झाले.
कामाच्या वेळी फोन करू नये, एवढं लोकांना कळायला हवं.

१४ मार्च
दुसरी बाटली. मोबाइल ड्रॉवरमध्ये. धास्तीनं औषध जरा लवकरच काढलं. काचपट्टीभर पेशी, सगळ्या निवांत. रांगेत अडकलेली, मोजण्यासारखी एक नाही. सावधगिरी जास्त झाली, त्याला चूक म्हणत नाहीत.
मॅडमनी काचपट्टी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. गर्भजलासाठी पुन्हा सुई टोचावी लागेल, एवढंच बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ मार्च, शनिवार
धाकटीकडे गेलो. "दादा, काय चुकलं?" तिनं विचारलं.
"नमुनाच कमी होता गं."
तसं बघितलं तर नमुना कधीच पुरेसा नसतो.
ती पोटावर हात ठेवून बसली. "परत सुईनं बाळाला काही होणार नाही ना?"
नाही म्हणालो. रात्री जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१८ मार्च
सुई टोचून झाली. दोघं ठीक. मी बाहेर जिन्यातच उभा होतो. मेहुणे सांगत होते, धाकटीनं सुई टोचणाऱ्या डॉक्टरांना चांगलंच सुनावलं, मागच्या वेळी पाणी पुरेसं काढलं नाहीत म्हणून. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते.
उद्या त्यांना खरं सांगायचं. नक्की.

१९ मार्च
डॉक्टर कामात असणार. गेलो नाही.

३१ मार्च, सोमवार
या वेळी मॅडमनी स्वतः केलं. रिपोर्ट चांगला, सगळ्या जोड्या जागेवर. धाकटी फोनवर रडली. म्हणाली, तू होतास म्हणून झालं, दादा. तेव्हाच बोलणार होतो. रेंज नव्हती.
रेंज होती.

२ एप्रिल
आज गेलोच डॉक्टरांकडे. वाक्य पाठ करून. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "माझ्यामुळे तुमच्या बहिणीला त्रास झाला. फार वाईट वाटलं. पुढच्या पेशंटचं पाणी किती काढत जाऊ?"
मी सांगितलं, थोडं जास्त काढत जा.
ते थँक्यू म्हणाले.