सवतीचा टाक

३ फेब्रुवारी, सोमवार

चक्कर येऊन चुलीपाशी पडले, म्हणून आता माझं डोकं मशीनमध्ये घालणार! बारामतीला, पुढच्या मंगळवारी. घाला. आत काही सापडलं तर मलाही दाखवा म्हटलं.

पण लेक सर्जेराव म्हणतो, "आई, अंगावर धातू चालत न्हाय. टाक काढावा लागंल."

टाक! दोऱ्यात ओवलेला चांदीचा पत्रा, वर बाईची आकृती. ती बाई म्हणजे शकुबाई — मालकांची पहिली. सर्जेराव तान्हा असताना गेली. मग मला, ह्या भामाला, आणलं, आणि मंगळसूत्राच्याही आधी हा टाक गळ्यात घातला. सवतीला मान दिला की ती घरावर येत नाही म्हणे. तेव्हापासून अंघोळीलाही काढला नाही. पहिला घास तिला दाखवते. नवं लुगडं आधी टाकाला लावते. सासूपेक्षा सवतीचीच मर्जी जास्त राखली!

काढणार नाही. सांगून टाकलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

नात राजी — मी सांगते ते लिहून घेतेय तीच — अकरावीची रसायनाची परीक्षा म्हणून मोठ्यानं घोकते. जगातल्या वस्तूंच्या जाती म्हणे. मूलद्रव्य — कितीही फोडा, तेच निघणार. मिश्रण — दोघं एकत्र, पण आपापला गुण धरून. वेगळं काढता येतं. संयुग — दोघं मिळून तिसरंच. पहिलं कुणी उरत नाही.

"सांग बरं आजी, दूध काय?"

"शेजारच्या बानूबाईचं व्हय? दूध-पाण्याचं मिश्रण!"

हसून हसून पुस्तक पडलं तिच्या हातचं. मग माझा टाक धरून म्हणाली, "चांदी मूलद्रव्य. पण हे वरचं काळं संयुग. हवेतल्या गंधकानं झालंय. आता ती चांदी नाही, गंधकही नाही."

 टाक काळा पडला की मी समजायचे, शकु रागावली. चिंच लावून घासायचे, माफी मागायचे.

८ फेब्रुवारी, शनिवार

भर दुपारी भाकरी थापताना मागं बांगड्या वाजल्या. घरात कुणी नव्हतं. माझ्या हातात दोनच, त्याही पिठानं चिकटलेल्या.

"ये, बस," म्हटलं. "भाकरी करपली तर तुझ्या नावावर!"

थट्टा केली, पण मागं वळून बघितलं नाही. राजीला शपथ घालून सांगते — मला मरायची भीती नाही. सर्जेराव पोटचा तिचा, वाढवलेला माझा. टाक काढला आणि ती आपलं लेकरू न्यायला आली तर? कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

१० फेब्रुवारी, सोमवार

सर्जेराव पायाशी येऊन बसला. "तुला काय झालं तर मी दुसऱ्यांदा पोरका व्हीन गं." झालं! त्याच्यापुढं माझं काही चालत नाही. उद्या टाक राजीच्या मुठीत राहील, मशीनच्या खोलीच्या दाराबाहेर.

राजीला विचारलं — शकु न् मी, एका गळ्यात एवढी वर्षं, आम्ही काय म्हणायच्या?

"मिश्रणच की आजी! दोरा सोडला की वेगळ्या."

बरं वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

केवढा झालाय माझा सर्जा! मिशा बी पिकल्या. मी गेले तवा माझं बोट मुठीत धरून झोपला हुता.

ही पोरगी एका मुठीत माझा टाक धरून रडत रडत लिवतीय. रडू नगं म्हटलं.

अन् भामा कुठं हाय? माझं लेकरू वाढवलं तिनं. एकदा पाया पडायचंय तिच्या. सगळ्यांस्नी इचारतीय — कुणीच सांगंना.